'ज्यांच्या घरात मयत झालेली नाही' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'द मेरी टायलर मूर शो' या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेतल्या 'चकल्स बाइट्स द डस्ट' या भागावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात उत्तर नको म्हणून सकाळपर्यंत थांबले. राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते.

एक चूक कबूल. 'एका शेंगदाण्यावर थांबणं किती अवघड असतं' हा विनोद मी लूच्या, म्हणजे मालिकेतल्या न्यूजरूमच्या प्रमुखाच्या, तोंडी घातला होता. तो बातम्या लिहिणाऱ्या मरेचा आहे. लेखात दुरुस्ती केली, आभार.

आता तुमचं ते वाक्य. त्या भागाचं मी मनापासून कौतुक केलं, त्यावर तुम्ही लिहिलंत : 'ज्यांच्या घरात कधी मयत झालेली नाही, त्यांनाच असल्या गोष्टीवर हसू येतं.' माझ्या घरातून कोण कधी गेलं हे तुम्हाला कुणी सांगितलं? भाग आवडला नाही म्हणायला एवढं खाली उतरायची काय गरज होती?

मालिका घडते ती मिनियापोलिस शहरातल्या डब्ल्यूजेएम या काल्पनिक वाहिनीच्या न्यूजरूममध्ये. त्या वाहिनीवरचा चकल्स हा विदूषक सर्कशीच्या मिरवणुकीत शेंगदाण्याच्या वेशात जातो, हत्ती त्याला सोलायला बघतो आणि त्यात तो मरतो. न्यूजरूममध्ये सगळ्यांना हसू आवरत नाही. एकटी मेरी, मालिकेची नायिका, त्यांच्यावर चिडते. तुम्ही इथेच थांबलात असं दिसतं. पुढे अंत्यविधीला तेच सगळे गप्प, गंभीर बसलेले असतात. पाद्री चकल्सची एकेक सोंगं आठवायला लागतो आणि हसू फुटतं ते मेरीला. ती ते दाबायला बघते, जमत नाही. पाद्री तिला उभं करून म्हणतो, हस, चकल्सला हेच आवडलं असतं. त्यावर ती हमसून हमसून रडते. मेलेल्या माणसाची टिंगल करायची असती तर या भागाचे लेखक डेव्हिड लॉइड यांनी हे रडणं लिहिलंच नसतं. आणि विषय नाजूक आहे हे त्या मंडळींनाही कळत होतं. मालिकेचे नेहमीचे दिग्दर्शक जे सँड्रिच यांना मृत्यूवरचा विनोद रुचला नाही, म्हणून १९७५ साली तो भाग जोन डार्लिंग यांनी केला.

माझे वडील हौशी नाटकांत प्रॉम्प्टर होते. आयुष्यभर विंगेत उभे राहिले, टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या. ते गेले त्या आठवड्यात धाकटा भाऊ म्हणाला, 'अण्णा आता वर देवाला वाक्यं सुचवत असतील.' मी त्याच्यावर केवढी ओरडले! लाज वाटत नाही का, इथपर्यंत बोलले. संध्याकाळी शोकसभा होती. त्यांच्या नाटकमंडळींतले एक ज्येष्ठ बोलायला उभे राहिले. दोन वाक्यं झाली आणि अडले. पुढचं आठवेना. सवयीनं त्यांनी मान डावीकडे वळवली, जिथे अण्णा उभे असायचे तिथे. सभागृह चिडीचूप, आणि मी हसले. मोठ्यानं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग काकूनं पाठीवर हात ठेवला, तेव्हा जे रडू आलं ते तोवर एकदाही आलं नव्हतं, स्मशानातसुद्धा नाही.

हा भाग मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी पाहिला. मेरीच्या तोंडून ते पहिलं हसू निसटलं तेव्हा मी पडदा थांबवून बसले होते. तुम्ही मला शिकवताय की दुःख कसं असतं?

बाकीचे मुद्दे. 'रेकॉर्ड केलेला हशा' म्हणालात, ती मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. माझ्या लेखातला एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्काराचा उल्लेख माहिती म्हणून होता. 'पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन मालिका आपल्याला कशाला' यावर उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

भाग आवडला नाही, शेवट गोड वाटला, विनोद ओढूनताणून आणलेला वाटला, खुशाल लिहा. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. फक्त ते एक वाक्य मागे घ्या. काल रात्री ते माझ्या आईनंही वाचलं.