चाळीस जणांच्या ठरावावर परमिट रूम

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत माझ्या परमिट रूमचा विषय होता. हसा, मीही हसलो. ड्राय डे, बापूंच्या फोटोला हार आणि विषयपत्रिकेवर 'एफएल-३ परवान्यास ना-हरकत देणेबाबत'. एफएल-३ म्हणजे परमिट रूमचा, गिऱ्हाइकाला बसवून दारू द्यायचा परवाना.

वेंगुर्ले तालुक्यात आमची खानावळ आहे. पर्यटक बसतो आणि सुरमईचा भाव विचारायच्या आधी विचारतो, "दादा, बिअरची सोय होईल?" म्हणून अर्ज करायचं ठरवलं. सातबारा, घरपट्टी, नकाशा, चारित्र्य पडताळणी... कागदांचं काही नाही, चपला झिजवल्या की जमतात. शाळेपासूनचं ७५ मीटर अंतर टेपने मोजताना मात्र जीव खालीवर झाला. मधेच टेप करवंदीच्या जाळीत अडकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

तर ग्रामसभा. गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १००, जो आकडा कमी असेल तो. तेवढेही आले नाहीत, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या बैठकीला मोजून चाळीस माणसं, त्यातली निम्मी माझ्याकडे उधारीवर जेवणारी. ठराव माझ्या बाजूने झाला.

मागच्या बाकावरून काकी उठली. सख्खी काकी हां. "परवानो काढ. पण रात्री रस्त्यार कोण पडललो दिसलो तर उचलूक तू येतलंस?" कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. उद्या काकीला हेच दुकान बंद करायचं झालं तर? आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आणि 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करा म्हणणाऱ्या चिन्हाला, निम्म्याहून जास्त मतं. आलेल्या बायकांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या! आमच्या यादीतल्या कितीतरी सुना-लेकी परळ, नालासोपारा, डोंबिवलीत. गणपतीला येतात आणि गौरी-गणपती पाण्यात गेले की परत. त्या मतदानाला आल्या नाहीत तर त्यांची मतं आपोआप माझ्या खात्यात. उघडायला चाळीस माणसं पुरतात, बंद करायला मुंबईहून एस.टी. भरून आणायची. माझ्या फायद्याचं आहे, तरी सांगतो, हे बरोबर नाही.

आता "गावात दारू नको" म्हणणाऱ्यांनाही एक विचारतो. परवाना नाही म्हणून गाव कोरडं आहे का? बांद्यापलीकडची गोव्याची बाटली कुठल्या पाणंदीतून येते आणि कुठल्या घराच्या मागीलदारी मिळते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिथे ना ७५ मीटर, ना वेळेचं बंधन, ना पिणाऱ्याचं वय २१ की २५ याची विचारपूस. त्यावर मात्र ग्रामसभेत कोणी तोंड उघडत नाही, कारण विकणारा कुणाचा तरी भावकीतलाच.

ठरावाची नक्कल अजून गल्ल्याच्या खणात आहे, पुढे पाठवलेली नाही. सरपंचांना सांगितलंय, २६ जानेवारीला विषय पुन्हा घ्या आणि दवंडी वाडीवाडीत जाऊ दे. ते म्हणाले, "मिळालेला ठराव परत कोण मागतो, येडो झालस काय?" बायको तर दोन दिवस बोललीच नाही. २६ जानेवारी हाही ड्राय डेच आहे म्हणा.