फ्रेंच-पोर्तुगीजमधली पदवी आणि ‘तीन वर्षं पाण्यात’चा मेसेज

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: “फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये बीए म्हणजे तीन वर्षं पाण्यात. ॲपवर सहा महिन्यांत भाषा येते. भाषांतर आता मशीन करतं. आपला त्या भाषांशी संबंध काय? आणि नोकरी तर नाहीच.”

सहा महिन्यांचा आकडा अगदीच हवेतला नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला 24 ते 30 आठवडे धरते. पण ते वर्ग पूर्णवेळ असतात, एकूण 600 ते 750 तास, वर घरचा अभ्यास. शिवाय शिकणारे इंग्रजी मातृभाषेचे. ॲपवर रोज पंधरा मिनिटं दिलीत तर 600 तास भरायला साडेसहा वर्षं लागतील. फिरायला जाण्यापुरती स्पॅनिश हवी असेल तर ॲप खुशाल घ्या, त्यासाठी पदवी कशाला?

पदवीत बोलता येणं ही सुरुवात असते; पुढे या भाषा कशा घडत गेल्या तेही शिकायचं असतं. लॅटिन ‘ऑक्तो’, म्हणजे आठ, इटालियनमध्ये ‘ऑत्तो’ होतो, स्पॅनिशमध्ये ‘ओचो’, रुमानियनमध्ये ‘ऑप्त’. रात्रीच्या शब्दाचंही तेच: ‘नॉत्ते’, ‘नोचे’, ‘नोआप्ते’. म्हणजे हा बदल नियमाने होतो. प्राकृतातून ‘अष्ट’चं ‘अट्ठ’ आणि मग ‘आठ’ झालेलं ज्याला ठाऊक आहे, त्याला ही वाट ओळखीची वाटेल. बॉनच्या फ्रीडरिश डीत्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने 1836 पासून लॅटिनमधून निघालेल्या या भाषांचं, म्हणजे रोमान्स भाषांचं, तुलनात्मक व्याकरण छापलं आणि तिथून हा स्वतंत्र अभ्यासविषय उभा राहिला. ॲपला याच्याशी देणंघेणं नाही, असायचं कारणही नाही.

मशीन आणि ‘आपला संबंध काय’ या दोन्हींचं उत्तर पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. मराठ्यांशी झालेला पत्रव्यवहार, तह, जमिनींचे कागद असं शतकांचं पोर्तुगीज दप्तर तिथे आहे. बरंचसं हस्तलिखित, संक्षेपांनी भरलेलं, 1911च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वीचं. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी हयात घालवली ती याच कागदांत. पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास लिहिताना त्यांच्या कामाला वळसा घालता येत नाही. वसई 1739 पर्यंत आणि गोवा 1961 पर्यंत ज्यांच्या ताब्यात होते, त्यांची भाषा परकी म्हणून सोडून दिली तर आपल्याच इतिहासाची एक बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागेल. गोव्यात 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून कोर्टात भेटतो. जुन्या ‘आफोरामेंतु’च्या कागदात मूळ मालकी एकाची आणि वहिवाटीचा कायमचा हक्क दुसऱ्याचा असतो. मशीनने त्याला सरसकट भाडेपट्टा म्हटलं तर वाद मिटण्याऐवजी वाढेल. मशीन मसुदा देईल, हरकत नाही. तो तपासून सही कोण करणार?

नोकरीबाबत मेसेज अर्धा खरा आहे. नुसत्या पदवीवर वाट अरुंद: शिकवणं, भाषांतर, कंपन्यांमधली परदेशी ग्राहकांची कामं. यातल्या बऱ्याच ठिकाणी पदवीपेक्षा बी2 पातळीचं (युरोपीय मोजपट्टीवरच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी) प्रमाणपत्र आधी पाहतात. पण अरुंद म्हणजे बंद नव्हे, आणि जोडीला कायदा, इतिहास किंवा वाणिज्य असेल तर चित्र बरंच पालटतं.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीन गोष्टी जरूर विचारा. आठवड्याला भाषेचे तास किती? दुसरी रोमान्स भाषा घेता येते का? जुने मजकूर वाचायला शिकवतात का? दिल्लीच्या जेएनयूसारख्या ठिकाणी फ्रेंच किंवा स्पॅनिशची बीए मुळाक्षरांपासून सुरू होते, त्यामुळे आधी भाषा येत नाही म्हणून मागे फिरू नका.