चार गुंजा आणि एक चारमिनार

आमच्या आईचं सोन्याचं गणित एकदम सोपं आहे. भाव उतरला की "अजून उतरंल, थांब" म्हणून घ्यायचं नाही, भाव चढला की "आता कुठं परवडतंय" म्हणून घ्यायचं नाही, आणि गुरुपुष्यामृत आलं की भाव काहीही असो, घ्यायचंच, मग ते नाकातल्या चमकीएवढं का असेना. नांदेडला असलो की याचा काही त्रास नसतो, आमचे सराफ दुकानाच्या वरच राहतात आणि आईच्या मुहूर्तासाठी ते दोनदा दात घासता घासता खाली उतरलेले आहेत. पण या वेळी गुरुपुष्य आला तेव्हा आम्ही नेमके हैदराबादला, काचीगुड्याच्या आत्याकडे, तिच्या नातवाच्या बारशाला. आणि पंचांगात बघतो तर काय, योग सूर्योदयापासून सकाळी ७ वाजून ४८ मिनिटांपर्यंत. खलास. जगात कुठला सराफ पावणेआठला शटर वर करतो सांगा.

आई रात्री जेवताना गप्प होती. आमच्याकडे आई गप्प असणं म्हणजे हवामान खात्याचा रेड अलर्ट. शेवटी आतेभाऊ म्हणाला, "मामी, त्यात काय, सोन्याचं एटीएम आहे की, चोवीस तास चालू असतं."

"मशीनमधून सोनं?" आई म्हणाली. याच आवाजात ती "मशीनमधून सून?" म्हणाली असती.

झोप येईना म्हणून मी मोबाईलवर वाचत बसलो. तर ही भानगड नवी नाहीच. २००९ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला सोन्याचं मशीन लावून बघितलं होतं, २०१० मध्ये अबुधाबीच्या एमिरेट्स पॅलेस हॉटेलात बसवलं, आणि तिथलं मशीनच वरून सोन्याने मढवलेलं, आता बोला. त्यात भाव दर दहा मिनिटांनी बदलायचा. कोरियात २०२२ पासून किराणा टाईप दुकानांमध्ये दूध-अंड्यांच्या शेजारी सोन्याची मशीनं लागली. आपल्याकडे बेगमपेटला डिसेंबर २०२२ मध्ये एक सुरू झालं, अर्ध्या ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत नाणी देणारं. आणि शांघायच्या एका मॉलमधलं तर उलटंच काम करतं, म्हणजे तुम्ही त्यात दागिना टाकायचा, ते शुद्धता तपासतं, वितळवतं आणि पैसे बँकेत जमा करतं. हे शेवटचं मी सकाळी आईला सांगितलं ती माझी चूक. "वितळवतं? आपल्यासमोर?" म्हणून तिने दोन्ही हातातल्या पाटल्या पदराखाली घेतल्या आणि दिवसभर त्या बाहेर काढल्या नाहीत.

आम्ही गेलो ते बेगमपेटचं नव्हे, आतेभावाने सांगितलेलं दुसरंच. साडेसहाला रिक्षाने निघालो. आई जरीची साडी नेसलेली, हातात पिशवी, पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा. मी विचारलं हे कशाला, तर म्हणे "लक्ष्मी घ्यायला रिकाम्या हातानं जातात का". काचेची खोली, आत एसी, एक मशीन आणि बाहेर खुर्चीवर एक चाचा वॉचमन. मी चप्पल घालून आत गेलो, आईने बाहेर काढली.

आता सराफाकडे सोनं घेणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीये. आधी गादीवर बसायचं, मग पाणी, मग चहा, मग मुलाच्या लग्नाचं कुठवर आलं, मग ते लाल मखमलीचं तबक, मग छोटा तराजू काचेच्या पेटीत, त्यावर सगळ्यांच्या माना वाकलेल्या, मग घडणावळीवरून अर्धा तास, मग "ताई तुमच्याकडून काय घ्यायचं" असं म्हणून सगळं घेणं, आणि शेवटी गुलाबी कागद आणि ती चेनवाली पर्स जी घरात आधीच चौदा आहेत. इथे स्क्रीनवर तीन भाषा, त्यात मराठी नाही. मी हिंदी दाबली. वजनं आली. आईने चष्मा लावला.

"अर्धा ग्रॅम म्हणजे किती?"

मी म्हटलं अर्धा ग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम. तिने डोळे मिटून बोटांवर हिशोब केला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. "म्हणजे चार गुंजा," ती म्हणाली. मी मोबाईलवर करून बघितलं, ०.४८६ आलं. मला सातवीपासून गणितात क्लास लावला होता, हिने तिसरीत शाळा सोडली.

"घडणावळ किती लावतं हे?"

"आई, ते मशीन आहे."

"मशीन कुणीतरी केलंच असंल ना. त्याला विचार."

मग तिने मला बाजूला केलं आणि स्क्रीनकडे तोंड करून, खरंच सांगतो, "काही कमी होईल का हो?" म्हणून विचारलं. बाहेरचा चाचा काचेवर टकटक करून म्हणाला, "अम्मा, ये बात नई करती. भाव नक्को करो, बस कार्ड डालो." आईला त्यातलं 'नक्को' तेवढं कळलं आणि आपलाच माणूस भेटल्याचा आनंद झाला.

७ वाजून २५. मी अर्धा ग्रॅम निवडला. रक्कम आली, त्यात तीन टक्के जीएसटी, त्याचेही दीड-दीड असे दोन तुकडे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही आईच्या चार गुंजांत भागीदार. कार्ड घातलं. नाकारलं. परत घातलं. परत नाकारलं. मग आठवलं, मागे तो फसवणुकीचा मेसेज सगळीकडे फिरत होता तेव्हा मीच घाबरून कार्डाची मर्यादा पाच हजार करून ठेवली होती. तेव्हा पाच हजारात अर्धा ग्रॅम आरामात यायचा आणि खाली वडापावचे पैसे उरायचे. २०२५ मध्ये तोळा लाखाच्या पार गेला, माझी मर्यादा तिथेच. दुसऱ्या कुठल्या मार्गाने पैसे घ्यायला मशीन तयार नाही. ॲप उघडलं तर पिन आठवेना. पिन बायकोला माहीत, कारण आमच्या घरात सगळ्यांचे पिन तिलाच माहीत. तिला नांदेडला फोन लावला, ती झोपेत म्हणाली, "तू सकाळी साडेसातला हैदराबादमध्ये सोनं विकत घेतोयस?" नवरा बाहेर काय करतो हे असं अचानक कळलेल्या बाईचा आवाज होता तो. तिला आईसाठी म्हणून समजवेपर्यंत इकडे स्क्रीनने आमचा वेळ संपल्याचं सांगून परत नमस्ते केलं आणि नव्याने रक्कम दाखवली. अकरा रुपयांनी जास्त.

"बघ! बघता बघता वाढवलं! बोल ना त्याला!"

मी काय बोलणार, सांगा.

७ वाजून ४१. पिन मिळाला, मर्यादा वाढवली, कार्ड घातलं, ओटीपी आला, टाकला. आत काहीतरी घरघरलं. आईने हात जोडले. आणि खालच्या फटीत टप्प असा आवाज करून एक पाकीट पडलं, म्हणजे अगदी रेल्वे स्टेशनवर वेफर्सचं पडतं तसंच.

आई जागची हलेना. "खाली टाकलं?" ती म्हणाली. "लक्ष्मी अशी पायाशी टाकली?" आमच्याकडे दहा रुपयांची नोट पडली तरी उचलून कपाळाला लावतात, इथे चोख ९९९ सोनं गुडघ्याच्या खाली. ती वाकली, पाकीट दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि मग मशीनकडे अशा नजरेने बघितलं की मी असतो तर माफी मागितली असती. मग करंडा काढून त्याच्या कडेला हळदीकुंकू लावलंच. म्हणे त्याला वळण नसलं म्हणून आपण आपलं सोडायचं का. चाचाने आक्षेप घेतला नाही, फक्त रुमाल आणून दिला, नंतर पुसायला.

पाकिटाला मधे पारदर्शक खिडकी. आत नाणं. आईने ते लांब धरलं, जवळ धरलं.

"हे टिकलीपेक्षा लहान आहे."

"अर्धा ग्रॅम आहे आई."

"काढून दाव."

"काढायचं नाही, सील तुटलं की परत विकताना कटकट."

म्हणजे मुहूर्तावर घेतलेलं सोनं हातात घ्यायचंच नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (तसं बँकेकडेही नसतं. बँका सोन्याची नाणी विकतात पण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परत घेत नाहीत, हे मला मागेच एका काउंटरवर तासभर उभं राहून कळलं होतं.)

काम झालं म्हणून मी घरी निघालो तर आई म्हणते, गुरुवार आहे ना, जुमेरात बाजार भरला असंल. आता हे सांगायला हवं. आमच्या देवघरात पणजीचे दोन रुपये होते, निजामाच्या वेळचे हाली शिक्के, ज्यांच्यावर चारमिनार आहे ते. इंग्रजांचे सहा रुपये म्हणजे हे सात, असा हिशोब आमच्या घरात अजून सांगतात, जसं काही उद्या लागणार आहे. लक्ष्मीपूजनाला दोघांची जोडी मांडायची. सहा-सात वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा त्यातला एक गेला आणि तेव्हापासून आई उरलेल्याला विधुर असल्यासारखं वागवते.

जुमेरात बाजार म्हणजे पुरानापूलकडचा भंगाराचा गुरुवारी बाजार. जुने पंखे, टेलिफोन, कपबशा, कुणाच्या तरी आजोबांचे फोटो फ्रेमसकट. तिथे एकजण फडक्यावर नाणी मांडून बसला होता. आईने चारमिनार लांबूनच ओळखला पण हात घातला भलत्याच नाण्याला, त्याची चौकशी केली, ठेवलं, दुसऱ्याची केली, मग जाता जाता उचलल्यासारखा तो उचलला. त्याने अडीच हजार सांगितले. आई हसली. तो म्हणाला अम्मा चांदी है, त्याने नाणं अंगठ्याच्या नखावर ठेवून उडवलं, टण्ण वाजवून दाखवलं. आई म्हणाली परत वाजव. त्याने परत वाजवलं. आई उठून चालायला लागली, त्याने हाक मारली, ती आली, बसली, तो पोराला म्हणाला अम्मा के लिए चाय ला. पाऊण तास. मधे त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली, आमच्याकडे कुठलं तेल मिळतं ते झालं, तिकडे ऊन माझ्या डोक्यावर. शेवटी नऊशे. आईने रुपया मुठीत धरला, मग पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. मुहूर्त केव्हाच संपला होता, तो विषय तिने काढला नाही, मीही नाही. सोन्याचं पाकीट कुठेय हे तिने थेट परतीच्या देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसल्यावर विचारलं. माझ्या पाकिटात होतं, रिक्षाच्या पावतीला चिकटून.

नांदेडला आल्यावर दोन्ही घेऊन सराफाकडे गेलो. त्यांनी आधी मशीनचं पाकीट बघितलं, उलटसुलट करून. "चांगलं आहे, चोख आहे," म्हणाले, आणि मग हळूच, "पण ताई, विकायचं झालं तर आमचं नाही ना, थोडं कमी धरावं लागेल." मग आईने पदराची गाठ सोडली. त्यांनी चारमिनार काउंटरच्या काचेवर टाकला. टण्ण नाही, ठक्क. परत टाकला. भिंग लावलं, कानशीने कड जराशी घासली, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, यात चांदी नावालाही नाही."

मला वाटलं आता दोन दिवस घरात अन्न शिजणार नाही.

"असू दे," आई म्हणाली, रुपया उचलून परत पदरात बांधला. "अडीच हजार सांगत होता तो. नऊशेला आणला मी."