फ्रँकली स्पीकिंग

आमच्या रत्नागिरीकडे तोंडावर बोलायला कधी प्रस्तावना लागली नाही. लग्नाच्या पंगतीत यजमान आग्रह करत असताना "आमटीत गूळ घालायचा राहिला की परवडला नाही?" असं त्यालाच विचारणारी माणसं आम्ही. त्यामुळे मुंबईला नोकरीला लागलेला आमचा चुलतभाऊ बंड्या गणपतीला घरी आला आणि "फ्रँकली स्पीकिंग..." म्हणून थांबला, तेव्हा सगळे सावरून बसले. आता काय भयंकर बाहेर पडतंय!

"...मला चहा चालेल."

चाकरमानी परत गेले, साथ मागे राहिली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी भर जुलैत स्कूटरवरचा मासेवाला सुरमई दाखवत म्हणतो, "फ्रँकली स्पीकिंग काका, आज सकाळचीच." असेल बाबा. बर्फातून आज सकाळीच काढली असेल.

पुण्याचा मेहुणा तर हायवेवर फसला. "फ्रँकली स्पीकिंग, अस्सल देवगड" म्हणून घेतलेली पेटी आमच्या ओटीवर उघडली, तर पेंढ्याखाली कानडी वर्तमानपत्र. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण रद्दीला अजून कुणी दिलेलं नाही. (रत्नागिरीच्या जावयाला देवगड लागतो, हे दुःख वेगळंच. ते मी गिळलं.)

हे सगळं सोसवलं असतं. पण शिमग्याला आलेला बंड्या रात्री जेवताना म्हणाला, "फ्रँकली स्पीकिंग दादा, मला जमिनीत काडीचा इंटरेस्ट नाही."

माझा घास घशातच अडकला. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून बघतो तर सातबारा काखेत मारून बंड्या हद्दीच्या दगडी गडग्यावर उभा, हातात टेप. ते भलं लांब टेप मुंबईहूनच आणलेलं, कारण आमच्या वाडीत एवढं लांब टेप कुणाकडे नाही.

आई पडवीतून ओरडली, "मेल्या, हवी असेल तर हवी म्हण की! तुझ्या बापसानंही उभा जन्म हा गडगा मोजण्यातच घालवला."

"काकू, टू बी व्हेरी ऑनेस्ट..."

"ते राहू दे. टेपाचं टोक नीट धर. फणसाच्या अलीकडून. फणस आमचा."