तुमच्या अमेरिकेत असतं तर…

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर कुठल्याही खटल्यात ‘प्रोबेशन’ (तुरुंगाऐवजी अटी घालून देखरेखीखाली मोकळं ठेवणं) हा शब्द आला की एकच सूर लागतो: सोडून दिलं! पाठोपाठ मला ऐकवलं जातं, ‘तुमच्या अमेरिकेत असं चाललं नसतं.’

निबंधाची चीड मलाही आली. पण तो जामीन होता. प्रोबेशन दोष सिद्ध झाल्यावर मिळतं, आणि इथलं प्रोबेशन कसं असतं ते मी फिलाडेल्फियात रोज पाहतो.

माझ्याबरोबर काम करणारा एक जण प्रोबेशनवर आहे. ठरल्या दिवशी ऑफिसरकडे हजेरी, लघवीची तपासणी, दरमहा देखरेखीची फी. त्याची बहीण डेलावेअर नदीच्या पलीकडे कॅम्डेनला राहते. पूल ओलांडला की न्यू जर्सी, म्हणजे दुसरं राज्य. म्हणून भाच्याच्या वाढदिवसालाही आधी परवानगी. हजेरी नेमकी शिफ्टच्या वेळी आली की पगार कापला जातो, आणि मग फी थकते. याच शहरातला रॅपर मीक मिल 2008 मध्ये दोषी ठरला. त्याचं प्रोबेशन लांबत गेलं आणि 2017 मध्ये, नवा गुन्हा सिद्ध झालेला नसताना, अटी मोडल्या म्हणून त्याला दोन ते चार वर्षांची कैद झाली. 2019 मध्ये ती मूळची दोषसिद्धीच रद्द झाली.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल घ्यावेत. प्रोबेशन रद्द करण्याआधी सुनावणी हवी, हे 1973 चं. आणि प्रामाणिक प्रयत्न करूनही दंड भरता आला नाही, एवढ्यावरून गरिबाला थेट तुरुंगात टाकता येणार नाही, हे 1983 चं, जॉर्जियातल्या बेअर्डन खटल्यातलं.

बाकी आपला 1958 चा परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशनचा) कायदा माझ्या मते जास्त माणुसकीचा आहे. जन्मठेपेचे गुन्हे सोडले तर 21 वर्षांखालच्या मुलाला तुरुंगात धाडताना न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. चांगल्या वर्तनाच्या बंधपत्राचा, म्हणजे लेखी हमीचा, काळ तीन वर्षांच्या वर जात नाही. अट पहिल्यांदा मोडली तर 50 रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवण्याची मुभा आहे. आणि कलम 12 नुसार दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता प्रोबेशनवर सुटलेल्याला चिकटत नाही. इथे मात्र नोकरी शोधताना जुना गुन्हा अनेकदा आडवा येतो.

म्हणून ‘अमेरिकेसारखं कडक करा’ ही मागणी मला पटत नाही. मागायचंच तर पुरेसे परिवीक्षा अधिकारी मागा, आणि त्यांचा अहवाल शिक्षा ठरवण्याआधी खरोखर वाचला जावा हे मागा. जामिनावरच्या माणसाला गुगल मॅपवर पिन टाकून सतत ठावठिकाणा कळवायला लावता येणार नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ठरवलं. तेच संरक्षण प्रोबेशनवरच्या माणसालाही कायद्यात स्पष्ट लिहून मिळायला हवं, पायाला ठावठिकाणा कळवणारे इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधायची टूम आपल्याकडे रुळायच्या आत.