चिंचोका यांना उत्तर : सोचिमिल्कोची ती न्याहारी

चिंचोका,

(तुम्ही हेच नाव घेतलंय, म्हणून मीही तेच वापरते.)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. फार चिडून लिहिलं होतं. आज सकाळी चहा घेता घेता पुन्हा वाचली, तर निम्म्याहून जास्त मुद्द्यांत तुमचंच बरोबर आहे असं दिसलं. त्यामुळे चिडचिड वाढलीच, पण निदान ती आता स्वतःवर आहे.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला सोचिमिल्को नावाचा कालव्यांचा आणि शेतांचा भाग आहे. पहाटे होडीतून शेतावर नेणारी, तिथली शेती दाखवून तिथेच खाऊ घालणारी एक सहल मी केली आणि मागच्या महिन्यात तिच्याबद्दल लिहिलं. चिंचोका त्या शहरात चार वर्षं नोकरीला होते. त्यांचं म्हणणं असं : मी ‘तरंगती शेतं’ म्हणाले ते साफ चूक. डॉलरमध्ये भाव लावलेली ही सहल म्हणजे शेतकऱ्याचं प्रदर्शन. खरं सोचिमिल्को रविवारच्या गर्दीत भेटतं आणि मी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. पाण्याच्या घाणीबद्दल माझ्या लेखात अवाक्षर नाही. आणि ‘जाईल तिथे घोळीची भाजी आणि झेंडू शोधायची मराठी खोड’ माझी काही जात नाही.

‘तरंगत्या’ शेतांबद्दल माझ्याकडे बचावच नाही. मी ऐकीव शब्द उचलला. चिनाम्पा, म्हणजे तिथलं तळ्यात रचलेलं शेत, तरंगत नाही. उथळ तळ्यात लांबट चौकोन आखायचा, त्याला कुडाचा वेढा घालायचा (नावच त्यावरून आलंय, तिथल्या जुन्या नावात्ल भाषेत ‘चिनामित्ल’ म्हणजे बोरूचं कुंपण) आणि आत तळ्यातला गाळ आणि पाणवनस्पती यांचे थर टाकत जायचे, जमीन पाण्याच्या वर येईपर्यंत. मग काठाने अवेखोते लावायचा. हा आपल्या वाळुंजाचा भाऊबंद. सरळसोट उंच वाढतो, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही, आणि त्याची मुळं काठ आवळून धरतात. जमीन जागची हलत नाही, हलतात त्या होड्या. हे सगळं मला त्या सकाळी नीट सांगितलं गेलं होतं. घरी येऊन लिहिताना मात्र ‘तरंगती’ हा शब्द गोड वाटला आणि घातला.

आणि चूक नुसती शब्दापुरती नाही. ‘तरंगती’ म्हटलं की वाटतं, हे आपोआप झालंय, तळ्याने केलंय. प्रत्यक्षात कालव्याच्या तळाचा गाळ उपसून शेतावर चढवत राहावं लागतं. एका पिढीने हात आखडता घेतला की कालवा भरतो, काठ ढासळतात आणि कुंपणाच्या खुणासुद्धा उरत नाहीत. आम्ही गेलो तिथल्या शेतकऱ्याने उपसलेला गाळ जमिनीवर चार बोटं जाड पसरला होता. तो जरा आळला की सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारून वड्या पाडतात. अगदी खोबऱ्याच्या वड्या पाडतो तशा, फक्त ताट अंगणाएवढं. प्रत्येक वडीला बोटाने खळगा, खळग्यात बी, वर वाळलेलं शेणखत. या वडीला ‘चापीन’ म्हणतात. रोप वर आलं की वडीसकट उचलायचं आणि शेतात लावायचं, मुळाला धक्का नाही. वड्यांत पुढचं पीक वाढत असतं तोवर वाफ्यात आधीचं निघत असतं, म्हणून इवल्याशा जमिनीतून वर्षाकाठी अनेक पिकं निघतात. मला स्वतः चार वड्या पाडू दिल्या. त्यातल्या तीन तुटल्या.

आता प्रदर्शनाचा मुद्दा. इथे मी तुमच्याशी भांडणार आहे, पण सावकाश.

पैसे जास्त होते, कबूल. तिथे त्राखिनेरा, म्हणजे ती रंगीत, सपाट बुडाची, लांब काठीने रेटायची बोट, भाड्याने घेतली तर तासाचा दर अख्ख्या बोटीचा असतो, माणशी नाही. मी एकटीने भरलेल्या पैशात आठदहा जणांचं कुटुंब दुपारभर फिरलं असतं. त्यातले किती शेतकऱ्याला मिळाले, असं मी सहलवाल्यांना विचारलं तेव्हा छान हसून विषय बदलला गेला. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण सकाळ सुंदर गेली होती आणि कृतघ्न वाटायला नको होतं. तुमचा राग इथे योग्य ठिकाणी बसलाय.

पण ‘प्रदर्शन’ म्हणताना तुम्ही दुसरी बाजू धरत नाही. त्या शेतकऱ्याला मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं की आमच्यासारखे लोक येतात त्याचा कंटाळा येत नाही का. त्याने उत्तर न देता कालव्यापलीकडे बोट दाखवलं. पलीकडेही एके काळी चिनाम्पाच होता. आता तिथे फुटबॉलचं मैदान आहे, पांढऱ्या रेघा मारलेलं, दोन्ही बाजूंना जाळ्या. असं तिथे बऱ्याच ठिकाणी झालंय. तासाच्या भाड्याने मैदान देणं हे लेट्यूस पिकवण्यापेक्षा सोपं, गाळ उपसायला नको, पहाटे उठायला नको. काहींनी लग्न-वाढदिवसांचे मांडव टाकलेत. भाजी घाऊक बाजारात गेली की ती नुसती भाजी होते, कुणी विचारत नाही कुठली. म्हणून ज्यांनी शेती चालू ठेवलीय ते काही माल शहरातल्या हॉटेलांना थेट देतात, काही आठवड्याच्या पेट्यांमधून घरोघरी, आणि काही आमच्यासारख्यांच्या पानात. यात आमच्याकडून त्यांचा उद्धार होतो असा माझा दावा नाही. पण त्या दिवशी माझ्या पैशाने निदान न्याहारीपुरतं ते शेत, शेत राहिलं.

आणि न्याहारी कसली होती! लेखात घाईत उरकलं ते इथे लिहिते, तुमच्या निमित्ताने. सोचिमिल्कोची उंची सुमारे सव्वादोन हजार मीटर, पहाटे पाण्यावर धुकं, बोटं गारठलेली. चुलीवर कोमाल, म्हणजे आपला तवाच. निळ्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून केलेलं पीठ. ते मिठात मळायचं, आत सोलून शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं सारण भरायचं, होडीच्या आकाराचं थापायचं आणि तेल न घालता कोरडंच भाजायचं. हा त्लाकोयो. वर निवडुंगाच्या कोवळ्या फडांच्या फोडी, चुरलेलं चीज आणि दगडी खलात वाटलेली चटणी. बाजूला वाउसोंत्ले : तुऱ्यांची पालेभाजी, चीज मध्ये दाबून, अंड्यात बुडवून तळलेली. तुरा दाताने ओढून खायचा, काडी ताटात ठेवायची. चुलीपाशी बसलेल्या बाईंनी मला तीन वेळा वाढलं आणि चौथ्यांदा विचारलंच नाही, सरळ वाढलं. हे ‘प्रदर्शन’ असेल तर असो.

रविवारच्या त्राखिनेरांबद्दल मात्र तुमच्यासमोर कान पकडते. मी ‘तरंगता गोंगाट’ असं लिहिलं (तरंगण्याचा मला काय सोस होता कोण जाणे). एका आजींचा वाढदिवस, तीन पिढ्या, मध्ये लांब टेबल, घरून आणलेले डबे, शेजारून मारियाचीवाल्यांची बोट येऊन चिकटते, दोन गाणी, पैसे, पुढची बोट; बिअर विकणारी होडी, कणसं विकणारी होडी, फुलं विकणारी होडी. शहरातल्या माणसांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची सहल आहे. शांतता शोधायला आलेल्या परदेशी बाईने तिला खोटं म्हणणं हा उद्धटपणाच. फक्त एक सांगू? दोन्ही खरं असू शकतं. नातिवितासच्या धक्क्यावरची दुपार आणि क्वेमांकोच्या धक्क्यावरची पहाट एकाच पाण्यावर घडतात आणि दोघांनाही ते पाणी लागतं.

त्या पाण्याबद्दल. तुम्ही लिहिलंत, ‘मुळा मातीसकट उपटून पुसून खाल्ला असं कौतुकाने सांगता, पण पाणी कुठून येतं हे सांगत नाही.’ खरंय. सोचिमिल्कोचं तळं झऱ्यांचं, गोड्या पाण्याचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झरे नळांनी मेक्सिको सिटीकडे वळवले गेले आणि पुढे उपसा वाढत गेला, तसे ते आटले. आज कालव्यांत मुख्यतः सांडपाणी प्रक्रिया करून सोडलेलं पाणी आहे, सेर्रो दे ला एस्त्रेया इथल्या केंद्रातून येणारं. त्यात काठावरच्या वस्त्यांचं मैलापाणीही मिसळतं. १९८७ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, २००४ साली पाणथळ जागांच्या रामसार यादीत आलं, तरी पाणी काही पाटीमुळे स्वच्छ होत नाही. त्यामुळे जाणाऱ्यांनी कच्चं खाण्याआधी विचारावं, धुतलंय का आणि कशाने. मी विचारलं नव्हतं. मला काही झालं नाही, पण हा काही पुरावा नव्हे.

आता तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगते, कारण दोन दिवस तीच जास्त टोचतेय.

लेखात आखोलोतेचा फोटो आहे. अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात तो जलचर, कल्ल्यांचे झुबके बाहेर, आयुष्यभर बाळच राहणारा, तुटलेला पाय पुन्हा उगवणारा. मेक्सिकोच्या पन्नास पेसोंच्या नव्या नोटेवर तोच आहे, मागे चिनाम्पा. फोटोखाली मी लिहिलं, ‘सोचिमिल्कोच्या कालव्यातला रहिवासी’. तो रहिवासी काचेच्या टाकीतला होता. शेतावर पाहुण्यांना दाखवायला पाळलेला, फिकट गुलाबी. जंगली आखोलोते काळपट, गाळाच्या रंगाचा असतो आणि तो मला दिसला नाही. दिसण्याची शक्यताही नव्हती. १९९८ च्या गणनेत एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे सहा हजार होते, २०१४ मध्ये छत्तीस. पाणी बिघडलं हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे खाण्यासाठी म्हणून सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे, जे त्याची अंडी-पिल्लं फस्त करतात. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाचे लोक काही शेतकऱ्यांबरोबर अरुंद कालव्यांच्या तोंडाशी आडोसे घालतात, मासे आत येऊ नयेत आणि वनस्पतींतून पाणी गाळून यावं म्हणून. त्याला ते आसरा-चिनाम्पा म्हणतात. पण तो आसरा टिकतो तो शेजारच्या वाफ्यात विषारी औषध न मारणारा शेतकरी असेल तरच. म्हणजे पुन्हा तोच माणूस, ज्याचं मी ‘प्रदर्शन’ बघायला गेले. फोटोची ओळ बदलली आहे.

उरली मराठी खोड. ती जाणार नाही, माफ करा, कारण इथे मी ओढूनताणून काही आणलं नव्हतं. वेर्दोलागास म्हणून ताटात आली ती घोळच, नाव वेगळं, पाला तोच. वाउसोंत्ले चाकवताच्या कुळातलं. कालव्यावर साचलेली जलपर्णी बघून तर मला मुळा-मुठेची आठवण आली, आणि ती दोन्हीकडे परकी, दक्षिण अमेरिकेतून आलेली. (शेतकरी तिचं खत करतात. आपल्याकडे ट्रकने काढून किनाऱ्यावर टाकतात.) सोचिमिल्कोतल्याच तुल्येवाल्को गावी राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी मिळते, तिचं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. आमच्या आजीचा एकादशीचा लाडू चपटा केला की झाली. रताळं, बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, राजगिरा : आपल्या उपवासाचं बहुतेक ताट तिकडच्या खंडाचं आहे, यात माझा काय दोष?

आणि झेंडू. दसऱ्याच्या तोरणातला, खंडेनवमीला अवजारांवर वाहायचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो सेम्पासूचिल, ऑक्टोबर संपताना मृतांच्या दिवसासाठी सोचिमिल्कोत शेतंच्या शेतं केशरी होतात. वासावरून मेलेल्यांना घराची वाट सापडते असं मानतात. ‘सेम्पासूचिल’मधला ‘सूचिल’ आणि ‘सोचिमिल्को’तला ‘सोचि’ एकच शब्द, फूल. गावाचं नावच ‘फुलांच्या शेतांची जागा’. मी त्या वड्यांमध्ये जे बी टोचलं ते कशाचं होतं असं तुम्ही विचारलं नाहीत, पण झेंडूचंच होतं. तेव्हा लेखात तो येणारच होता.

हिशेब बरोबर करायचा तर तुमच्या नावाची चिंचसुद्धा तिकडे समुद्र ओलांडून गेलेली. गल्लोगल्ली मोठ्या काचेच्या बरण्यांत चिंचेचं सरबत असतं, ‘आग्वा दे तामारिंदो’. तुम्ही चार वर्षांत प्यालाच असाल.

‘तरंगती’ सगळीकडून काढलं आहे, पाण्याबद्दल आणि पैशाबद्दल दोन परिच्छेद घातले आहेत, त्यांना तुमचा उल्लेख जोडू का ते कळवा. आणि एक राहिलं. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही म्हणालात की सोचिमिल्कोच्या बाजारात एका बाईंकडचा त्लापीके, मक्याच्या पानांत मासा आणि हिरव्या मिरच्या गुंडाळून कोमालवर भाजलेला, माझ्या त्या अख्ख्या सहलीपेक्षा सरस आहे. बाजार मोठा आहे आणि मी फुलांच्या बाजूने आत शिरून तिथेच हरवले होते. कोणत्या दाराने आत जायचं आणि त्या किती वाजेपर्यंत बसतात, ते जरा नीट लिहा.