दोन रिंगा आणि कट

१ एप्रिल २०१४ ला ‘यो’ नावाचं एक अ‍ॅप आलं. ऑर आर्बेल या इस्रायली गृहस्थाने म्हणे ते आठ तासांत तयार केलं होतं. त्यातून समोरच्याला फक्त ‘यो’ एवढंच पाठवता यायचं. टायपिंग नाही, फोटो नाही, काही नाही. त्यात तारीख ही असली! लोकांना थट्टाच वाटली. मग त्याला दहा लाख डॉलरचं भांडवल मिळालं आणि थट्टा करणारे गप्प बसले.

मला मात्र हळहळ वाटली. कारण हा उद्योग आमच्या घरात कितीतरी आधीपासून चालू होता, आणि तोही बिनभांडवली. मिस कॉल!

२००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि मध्यमवर्गाला कंठ फुटला, तोही फोन न उचलण्याच्या अटीवर. आमची घरची संहिता अशी होती: एक रिंग म्हणजे गाडी मिळाली, दोन रिंगा म्हणजे चुकली. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण आपल्या कानात दोन वाजतात तेव्हा पलीकडे एकच वाजलेली असू शकते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर मी चुकलेल्या गाडीकडे बघत दोन रिंगा द्यायचो आणि घरी कुकर चढायचा. पोचेपर्यंत भाताचं पिठलं.

त्यातून घरात नाना. लँडलाइनच्या काळात वाढलेला माणूस, वाजलेला फोन उचलायचा नाही म्हणजे काय? पहिल्या रिंगेलाच “हॅलो, कोण बोलतंय?” गेला रुपया!

“नाना, तो मिस कॉल होता.”

“मग तसं सांगून करायचा की.”

आता सगळं फुकट झालंय, त्यामुळे कोणी थोडक्यात बोलत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी लिहिलं, ‘उद्या सकाळी ११ ते ४ पाणी बंद.’ यात विचारण्यासारखं काय आहे? तरी पहिला प्रश्न आला, “उद्या म्हणजे मंगळवारी ना?” मग “११ सकाळचे का?”, मग “बी विंगचं पण?”, मग टाकी कधी धुतली होती यावर जुना वाद. मधेच कोणाचा तरी गुलाबाचा गुड मॉर्निंग, दुपारी दीडला. या सगळ्याखाली मूळ निरोप असा गाडला गेला की दुसऱ्या दिवशी अर्धी बिल्डिंग अंगाला साबण लावून नळाकडे बघत उभी.

‘यो’चा खरा उपयोग मला तेव्हा कळला. २०१४ च्या उन्हाळ्यात इस्रायलमध्ये रॉकेटच्या इशाऱ्यासाठी ते अ‍ॅप जोडलं होतं. रॉकेट येतंय, ‘यो’ आला, पळा. जिथे निरोप एकच असतो आणि त्यावर चर्चेला वेळ नसतो, तिथे याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. पाणी जाणं हा आमच्याकडे त्याच दर्जाचा प्रसंग आहे, असं मी हिला म्हटलं.

“अहो, पण त्याला उत्तर काय देता येतं?”

“यो.”

“मग सगळे तेच देत बसतील.”

तरी मी वार्षिक सभेत विषय मांडलाच. सूचनेवर फक्त अंगठा टाकायचा, शब्द नाही, असं एकमताने ठरलं. एकमत साधारण पाच मिनिटं टिकलं. कोणीतरी विचारलं, अंगठा म्हणजे वाचलं की मान्य? मान्य नसेल तर उलटा अंगठा चालेल का? आणि भाडेकरूंना अंगठ्याचा अधिकार आहे का? शेवटी उपसमिती नेमली.

उपसमितीचा अहवाल काल ग्रुपवर आला. पीडीएफ, अकरा पानी. त्याखाली पहिलाच मेसेज आहे: “थोडक्यात सांगता का कोणी?”

सेक्रेटरींनी व्हॉइस नोट पाठवली आहे. नऊ मिनिटांची.